१३ फुटी माजघर, ४०,००० रुपये आणि दहा महिने

साताऱ्यातलं आमचं घर आजेसासऱ्यांनी १९३६ साली बांधलं. दगडी जोतं, वर वीट आणि चुना, डोक्यावर सागवानी कडीपाट (लाकडी कड्या, म्हणजे तुळया, आणि त्यांवर फळ्या), त्यावर माळा आणि मग मंगलोरी कौलं. माजघर १८ बाय १२ चं, उंची पुरती १३ फूट. आम्ही पाचही जण दिवसातला बहुतेक वेळ याच खोलीत असतो. जेवण, मुलांचा अभ्यास, टीव्ही, सासूबाईंचं वाचन, आले-गेले, सगळं इथेच. तरीही खोलीत घरपणाची ऊब अशी नव्हती. बोललं की आवाज घुमायचा. ११ फुटांवरच्या ट्यूबचा उजेड निम्मा कड्यांनाच जायचा. पंखा वर फिरत राहायचा आणि खाली बसलेला घामाने निथळायचा.

जानेवारीत काम काढलं, आता नोव्हेंबर चालू आहे. मधे एप्रिलचा उन्हाळा गेला, पूर्ण पावसाळा गेला, गणपती आणि दिवाळीची माणसं येऊन गेली. काय टिकलं आणि काय नाही हे आता खात्रीने सांगता येतं, म्हणून लिहायला बसले.

आधी एक नाकारलेली गोष्ट सांगते, कारण जुन्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाला ती कुणी ना कुणी सुचवतोच. पहिले ठेकेदार आले आणि वर बघून लगेच म्हणाले, "९ फुटांवर पीओपीचं छत टाकून घ्या, खोली एकदम फ्लॅटसारखी होईल." २१६ चौरस फुटांचे त्यांनी २३,७६० रुपये सांगितले. माझं एकूण बजेट ४०,००० होतं. पण पैशापेक्षाही मला ते पटलं नाही. कौलारू घरात एखादं कौल सरकलं की पाणी आधी माळ्यावर आणि मग कडीपाटावर उतरतं. आपल्याला डाग दिसतो आणि आपण वर जाऊन बघतो. खाली दुसरं छत आलं की तो डाग दिसतच नाही, आणि दिसेपर्यंत लाकूड कुजलेलं असतं. शिवाय गरम हवेला वर जायला ही उंचीच तर ठेवली आहे. ती बंद करून खाली एसी लावायचा, हे आम्हाला परवडणारं नव्हतं.

म्हणून मी एकच ठरवलं. माणसं वावरतात ते खालचे ८ फूट. पैसे तिथे घालायचे, आणि वरच्या ५ फुटांत हवा आणि साधा पांढरा चुना एवढंच ठेवायचं.

चुना हाच सगळ्यात मोठा खर्च होता आणि दहा महिन्यांनंतर सगळ्यात जास्त समाधानही त्याचंच आहे. भिंतींना जुन्या काळचा चुन्याचा गिलावा आहे, त्यावर मधल्या वर्षांत कुणीतरी प्लॅस्टिक पेंट मारला होता. तो पापुद्र्यांनी सुटत होता. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर टाकते. तिच्यावर प्लॅस्टिकचा थर बसला की ओल आतच अडकते आणि रंगाला फोड येतात. सगळा खरवडून काढला. कळीचा चुना आणून लोखंडी पिंपात विरवला. प्लॅस्टिकची बादली घेऊ नका, चुना विरताना पाणी उकळतं आणि बादली वितळते. मुलांनाही लांब ठेवा, थेंब डोळ्यात गेला तर मोठी इजा होते. आठ दिवस मुरल्यावर फडक्याने गाळून त्यात डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ घातली. भिंत आधी पाण्याने ओली करायची आणि पातळ हात मारायचे. आम्ही तीन मारले. पहिला हात ओला असताना काहीच दिसत नाही. मला वाटलं पैसे पाण्यात गेले. रंगारी म्हणाले, "वहिनी, उद्या सकाळी बघा." आणि खरोखरच, वाळल्यावर भिंत दुधासारखी पांढरी झाली.

साहित्य २,६००, दोन माणसांची पाच दिवसांची मजुरी ९,००० आणि घोड्याचं (उंचावर काम करताना उभं राहायच्या मचाणाचं) भाडं १,५००. खोली उंच असली की रंगापेक्षा वर पोचायलाच पैसे लागतात, हे हिशेबात धरा. त्यामुळे वरची सगळी कामं, म्हणजे रंग, वायरिंग, कड्यांची साफसफाई, हुक, घोडा घरात असतानाच एका आठवड्यात उरकून घ्या. आमचा पडद्याचा एक हुक राहिला, तर त्या एका हुकासाठी पुन्हा शिडी शोधत फिरावं लागलं.

आता माझी चूक. चुना अंगाला लागतो, टेकून बसलं की पाठ पांढरी होते. म्हणून खालचे ४ फूट मी तपकिरी ऑइलपेंटने रंगवून घेतले. पुसायला सोपं, मुलांच्या हातांचे डाग निघतात, असा विचार. खर्च २,९०० रुपये. जूनपर्यंत सुरेख दिसत होतं. जुलैच्या मध्याला पश्चिमेच्या भिंतीवर लहान लहान फुगे आले आणि गणपतीपर्यंत तळहाताएवढे पोपडे पडायला लागले. जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी भिंतीतून दोन-तीन फूट वर चढतं. म्हणजे भिंतीला जिथे श्वास घ्यायची सगळ्यात जास्त गरज होती, नेमकी तीच जागा मी बंद करून टाकली होती. १,८०० रुपये घालून ती भिंत पुन्हा खरवडली आणि चुन्यातच गेरू कालवून पट्टा काढला. गेरूही थोडा लागतोच, म्हणून बसायच्या जागेमागे चटई टांगली आहे. बाकीच्या तीन भिंतींवरचा ऑइलपेंट अजून शाबूत आहे. पण कुणी विचारलं तर मी चुन्याच्या भिंतीला खालून वरपर्यंत चुनाच सांगेन.

फोटो आणि टांगायच्या वस्तूंसाठी जागोजागी खिळे मारायला गेलो तर ड्रिल लागताच गिलावा भुसभुशीत होऊन सांडायला लागला, आतला प्लग धरेना. मग सुताराकडून साडेसात फुटांवर लाकडाची एक अखंड पट्टी तीन भिंतींवरून फिरवून घेतली. लाकूड वखारीतून, जुन्या दारांचं. पट्टी विटांमधे थोड्याच जागी पक्की बसवली आणि सगळं काही तिच्यावरून दोरीने लोंबतं. आजेसासऱ्यांचा फोटो, मुलांची चित्रं, घड्याळ, कॅलेंडर. मजुरीसकट ५,४०० पडले. फोटो हलवायचा असला की दोरी सरकवायची, भिंतीला भोक नाही. उंच भिंत नुसती मोकळी असली की नजर वरवर जात राहते. या पट्टीने ती माणसाच्या उंचीवर थांबते.

याच्या उलट, ९ फुटांवर मी एक लांब फळी लावून घेतली होती. जुने तांब्याचे हंडे, समई, पितळी डबे ओळीने मांडायचे असं मनात होतं. २,४०० रुपये गेले. पहिल्या दिवशी सगळ्यांनी कौतुक केलं. दीड महिन्यात हंड्यांवर काळपट थर, मधे जळमटं, आणि हात कुणाचाच पोचत नाही. मे महिन्यात हंडे उतरवून कोनाड्यात ठेवले, फळी स्वयंपाकघरात गेली. घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाचा हात स्टुलावर उभं राहून पोचत नसेल तिथे शोभेची वस्तू ठेवू नका.

पडद्यांबद्दल मात्र सविस्तर सांगायचं आहे. दोन खिडक्या आहेत, ४ फूट रुंद आणि ७ फूट उंच. खिडकीपुरता पडदा लावला तर एवढ्या भिंतीवर तो रुमालासारखा दिसतो. वरून जमिनीपर्यंत पडदा हवा, आणि दुकानात तयार मिळतात ते ७ किंवा ९ फुटी. कापड घेऊन शिवायचं तर दोन खिडक्यांचा हिशेब १०,००० च्या पुढे जात होता. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, माळ्यावरच्या पेटीत माझ्या सासूबाईंची लुगडी आहेत की." मी मोजून बघितलं आणि चकित झाले. नऊवारी म्हणजे ९ वार, २७ फूट. मधोमध कापलं की साडेतेरा फुटांचे दोन तुकडे. वरचा घोळ आणि खालची दुमड यांत दीड फूट गेला की १२ फुटांवरच्या दांडीसाठी पडदा तयार. पन्हा (कापडाची रुंदी) साधारण ४५ इंच, म्हणजे दोन पडदे मिळून ९० इंच आणि खिडकी ४८ इंच. चुण्या पडायला जेवढं कापड लागतं तेवढंच, कमी नाही की जास्त नाही.

कात्री हातात घेतली तेव्हा माझाच हात थांबला. "अहो आई, नक्की कापू ना?" म्हणून दोनदा विचारलं. त्या म्हणाल्या, "पेटीत ठेवून तरी आता कोण नेसणार आहे? पण काठाला धक्का लावू नकोस." काठाला धक्का लागायचा प्रश्नच नव्हता, काठ लांबीने असतात, ते वरपासून खालपर्यंत सरळ उभे आले. पदर मात्र एकाच टोकाला असतो. त्यामुळे प्रत्येक जोडीत एकाच पडद्याच्या पायाशी पदर आहे. दोन्ही खिडक्यांत तो बाहेरच्या बाजूला घेतला. येणारा प्रत्येक जण आधी तिथेच बघतो.

जुनं सुती कापड उन्हाने विरतं, म्हणून मागे मांजरपाटाचं (जाड कोऱ्या सुती कापडाचं) अस्तर लावलं. १७ मीटर मांजरपाट, आधी धुऊन आटवून घेतलेला. अस्तर, शिलाई आणि वेळूच्या दांड्या धरून ३,७०० रुपयांत दोन्ही खिडक्या झाल्या. दहा महिन्यांत रंग अगदी थोडा उतरला आहे, तोही अस्तर कमी पडलं त्या कडेला. त्रास आहे तो धुण्याचा. शिडी लावून उतरवणं, हाताने धुणं आणि परसात १२ फूट लांब वाळत घालणं, दोन माणसांचं काम. वर्षातून दोनदा करायचं ठरवलंय, गणपतीआधी आणि होळीनंतर.

पंखा आणि दिव्यांना फार शब्द नकोत. पंख्याला ४ फुटांचा रॉड घातला, पाती आता साडेआठ फुटांवर फिरतात. पाती ८ ते ९ फुटांवर असली की वारा अंगाला लागतो, १२ फुटांवरचा लागत नाही. त्यासोबत जुना पंखा बदलून बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) घेतला. जुना ७५ वॅटचा होता, हा साधारण ३० वॅटमधे चालतो. लांब रॉडमुळे पहिल्या आठवड्यात थोडा डुलायचा. वायरमनने कडीतला जुना हुक बदलून नट पक्के केले, तेव्हापासून तक्रार नाही. पण खरा फरक पडला तो वरच्या दोन व्हेंटिलेटरांनी. रंगाचे थर बसून ते घट्ट झाले होते. ७०० रुपयांत मोकळे करून घेतले, उघडझाप करायला दोरी लावली. एप्रिलमधे संध्याकाळी ते उघडले की अर्ध्या तासात खोली हलकी व्हायची. या सगळ्या खर्चात हे ७०० रुपये आधी करायला हवे होते.

दिव्यांसाठी बांबूकाम करणाऱ्या बुरडाकडून १२० रुपयांची एक अशा तीन टोपल्या घेतल्या, उलट्या टांगल्या, आत ९ वॅटचे पिवळसर एलईडी. जमिनीपासून ७ फुटांवर, एक जेवायच्या जागी, एक अभ्यासाच्या, एक सासूबाईंच्या खुर्चीपाशी. वायर कप्पीवरून घेतली आहे, बल्ब बदलायचा तर दिवा खाली उतरवायचा. जुने तापणारे बल्ब बांबूत चुकूनही लावू नका. पावसाळ्यात एका टोपलीला भुंगा लागला, खाली पिवळी भुकटी पडायला लागली. ती बदलली. नव्या टोपलीला आधी कडक ऊन दाखवून कडुनिंबाचं तेल फासलं.

आवाज घुमायचा तो खाली जाड सतरंजी आणि टीव्हीसमोरच्या भिंतीवर टांगलेली एक वाकळ, एवढ्यावर पुष्कळ कमी झाला. वाकळ ५ बाय ७ ची आहे, जुन्या लुगड्यांचे थर हाताने शिवलेली. मुलीच्या ऑनलाइन तासाला आता समोरच्याला नीट ऐकू जातं.

आणि झोपाळा. माळ्यावर सागवानी फळी पडून होती. सुताराने छताची कडी ठोकून, टोचून बघितली, ती भरीव निघाली, मगच तिच्यात साखळ्या अडकवायच्या गोल कड्या बसवल्या. लोखंडी साखळ्या आणि मजुरी मिळून ४,८०० रुपये. एवढ्या उंचीवरून टांगलेला झोपाळा सावकाश हलतो. लंबक जितका लांब तितका त्याला एका फेऱ्याला जास्त वेळ लागतो, हे मुलाने शाळेत शिकून येऊन घड्याळ लावून मोजलं. एक झोका साडेतीन सेकंदांहून थोडा जास्त. माझ्या आईकडच्या फ्लॅटमधला झोपाळा तीन सेकंदांत येतो-जातो. तेवढ्या फरकाने सासूबाईंना यात चक्कर येत नाही, तिथे येते. पावसात साखळी गंजून कुरकुरते, महिन्यातून एकदा तेल लागतं. पितळी साखळ्या परवडल्या असत्या तर त्याच घेतल्या असत्या.

एकूण ४४,९०० झाले. फळीचे २,४०० आणि ऑइलपेंटचे दोन वेळचे ४,७०० वाचले असते तर ४०,००० च्या आतच बसलं असतं.

राहिलंय ते स्वयंपाकघराकडचं दार. पेटीत अजून एक हिरवं लुगडं आहे, ते सासूबाईंनी त्यासाठी काढून ठेवलंय. दार ८ फुटांचं, म्हणजे ९-९ फुटांचे तीन तुकडे निघतात. दोन दाराला. तिसऱ्याचं त्यांनी आधीच ठरवलं आहे, झोपाळ्यावरच्या गादीला अभ्रा.