माइनक्राफ्ट लहानांच्या हातात: मुलं का रमतात, कुठे अडतात

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेममध्ये नवं जग उघडलं की समोर बहुधा गवत, चार झाडं आणि चरणारं एखादं जनावर असतं. कोपऱ्यात उलटा धावणारा वेळ नाही, गुणांचा आकडा नाही, 'आता इकडे जा' असं बोट दाखवणारं कोणी नाही. इतर गेम खेळून सरावलेली मोठी माणसं इथेच गोंधळतात. सहा वर्षांच्या मुलाला मात्र 'करायचं काय' हा प्रश्नच पडत नाही. ते सरळ पुढे जाऊन झाडाला हात घालतं.

बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की खोडाचा एक ब्लॉक, म्हणजे चौकोनी ठोकळा, तुटतो आणि छोटासा ओंडका गिरकी घेत खाली पडतो. खोडाचा बुंधा गेला तरी वरचं झाड हवेत तसंच तरंगत राहतं. मोठ्यांना हसू येतं. मुलं थबकतात आणि दुसरं झाड पाडून बघतात. तेही तरंगतं. मग वाळूत खोदायला जातात, तर खालचा ब्लॉक काढताच वरची वाळू धप्पकन येऊन बसते. माती, दगड, लाकूड अधांतरी टिकतं. वाळू आणि खडी कोसळते. हे कुणी शिकवत नाही, पण अर्ध्या तासात पाठ होतं, कारण ते एकदाही बदलत नाही. लहान मुलांना या गेमची जी ओढ लागते तिचं मूळ आमच्या मते इथेच आहे. चित्रं ठोकळेबाज आहेत, संगीत मंद आहे, गोष्ट जवळपास नाहीच. पण इथला प्रत्येक नियम मुलाला स्वतः हाताळून पडताळता येतो आणि तो शब्दाला पक्का असतो. घरातले नियम पाहुणे आले की बदलतात.

दगडाचंच बघा. नुसत्या हाताने दगडाचा ब्लॉक फोडायला साडेसात सेकंद लागतात आणि एवढं करून पदरात काहीच पडत नाही. लाकडी पिकॅक्स, म्हणजे टोकदार कुदळ, घेतली की तोच ब्लॉक सव्वा सेकंदाच्या आत फुटतो आणि दगडही हाती लागतो. अवजार कशाला हवं, हे याहून थोडक्यात सांगता येणार नाही. आणि ती पिकॅक्स बनवायचा हिशोबही मुलाच्या आवाक्यातला आहे: एका ओंडक्याच्या चार फळ्या, चार फळ्यांचं क्राफ्टिंग टेबल (वस्तू बनवायचं मेज), दोन फळ्यांच्या चार काठ्या, तीन फळ्या आणि दोन काठ्यांची पिकॅक्स. तीन ओंडक्यांत सगळं भागतं आणि वर तीन फळ्या उरतात. उरलेल्या दोन काठ्यांना तीन दगड जोडले की दगडी पिकॅक्स, जिच्याशिवाय लोखंडाचं खनिज हाती लागत नाही. लोखंडी पिकॅक्सशिवाय हिरा मिळत नाही. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीची किल्ली आहे आणि मधली एकही गाळता येत नाही.

यातला बारकावा असा की क्राफ्टिंगच्या तीन बाय तीन चौकटीत वस्तू मांडायच्या त्या बऱ्याचदा त्या वस्तूच्याच आकारात. वरच्या ओळीत तीन फळ्या आणि मधोमध खाली दोन काठ्या, म्हणजे पिकॅक्सचं चित्रच झालं. सहा फळ्यांचे दोन उभे रकाने, म्हणजे दार. अजून वाचता न येणारं मूल हे डोळ्यांनी ओळखतं. चौकटीशेजारच्या रेसिपी बुकमधून वस्तू निवडली की मांडणी आपोआप होते. ती सोय वाईट नाही, पण सुरुवातीला बंद ठेवली तर मजा जास्त.

मग संध्याकाळ होते. इथला दिवस आपल्या घड्याळाने 20 मिनिटांचा: सुमारे 10 मिनिटं उजेड, 7 मिनिटं रात्र, उरलेल्यात पहाट आणि तिन्हीसांजा. अंधारात झोम्बी निघतात, सांगाडे बाण मारतात आणि हिरवा क्रीपर पावलांचा आवाज न करता मागे येऊन उभा राहतो. तो फुस्स करतो आणि दीड सेकंदात फुटतो, जवळची भिंतही घेऊन जातो. त्या दीड सेकंदात पळून अंतर वाढवलं तर तो शांत होतो, मांजर दिसली तर स्वतःच पळतो. (हे ध्यान डुकराचं मॉडेल बनवताना उंची आणि लांबीची अदलाबदल झाल्याने जन्माला आलं. चुकून झालेली गोष्ट सगळ्यात लाडकी ठरते ती अशी.)

ही भीती मुलांना दूर का लोटत नाही? तिच्यावरचा उपाय त्यांच्या खिशात असतो म्हणून. एक कोळसा आणि एक काठी यांच्या चार मशाली होतात. कोळसा सापडला नाही तर आठ दगडांच्या भट्टीत ओंडके जाळून लोणारी कोळसा करायचा, तोही चालतो. 2021 च्या अखेरीस आलेल्या 1.18 आवृत्तीपासून नेहमीच्या जगात हे राक्षस पूर्ण काळोखातच तयार होतात. मशालीचा थोडासाही उजेड पोचतो त्या जागी ते उगवत नाहीत. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला इथे अंधार स्वतःच्या हाताने हटवता येतो. चार भिंती, एक दार, आत मशाल, आणि बाहेरची गुरगुर ऐकत बसायचं. पांघरुणाचा तंबू करून बसण्यात जे सुख असतं, तेच हे.

भिंतीवर लावलेली मशाल आठ दिवसांनी बघितली तरी तिथेच असते, हेही विसरू नये. मुलांच्या बाकीच्या बांधकामाचं रात्री आवरताना काय होतं ते सर्वांना माहीत आहे. इथे कोणी आवरत नाही. हाड देऊन माणसाळवलेला कुत्रा बसवला तिथेच बसून राहतो. गव्हाच्या शेताला मधोमध पाण्याचा एक ब्लॉक दिला की चारही दिशांना चार-चार ब्लॉक जमीन ओली राहते, आणि पुढच्या खेपेला तिथे उभं पीक मिळतं. त्या जमिनीवर उड्या मारल्या की ती तुडवली जाऊन रोपं उखडतात. लहान भावंडं हे फार लवकर शोधून काढतात.

आता घेण्याबद्दल. स्टॉकहोमच्या मोजांग कंपनीने 2011 च्या नोव्हेंबरमध्ये पूर्ण रूपात आणलेला हा गेम 2014 पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे आणि 2023 पर्यंत त्याच्या 30 कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. एवढं असूनही विकत घेताना फसगत होते ती आवृत्त्यांमुळे. जावा आवृत्ती फक्त संगणकावर चालते; बेडरॉक आवृत्ती फोन, टॅबलेट, कन्सोल आणि विंडोजवर. या दोन्हींतली मुलं एकमेकांच्या जगात जाऊ शकत नाहीत. मैत्रीण टॅबलेटवर खेळते आणि घरी जावा घेतलं, तर रडारड ठरलेली. विंडोजवर 2022 पासून दोन्ही एकत्र मिळतात, फोनसाठी मात्र वेगळं घ्यावं लागतं. आधी मित्रमंडळी कशावर खेळतात ते विचारा, मग घ्या.

पाच ते सात वर्षांच्या मुलासाठी क्रिएटिव्ह मोडने सुरुवात करावी. सगळे ब्लॉक फुकट, एका फटक्यात तुटतात, उडी दोनदा दाबली की उडता येतं, मरण नाही. महिनाभराने 'आता खरंखुरं' अशी मागणी आली की सर्व्हायव्हल द्यावा, पण पीसफुल पातळीवर: राक्षस नाहीत, भूक लागत नाही, गेलेली हृदयं (म्हणजे जीव) आपोआप भरतात. पेगी या युरोपीय मानांकनाने गेमला 7 वर्षांपुढचा ठरवलं आहे, अमेरिकेच्या ईएसआरबीने 10 वर्षांपुढचा. आमच्या मते वयापेक्षा मोड महत्त्वाचा. पाच वर्षांच्या मुलाला क्रिएटिव्हमध्ये काही धोका नाही. नऊ वर्षांचं मूलही हार्ड पातळीवर वैतागून टॅबलेट आपटू शकतं.

बेडरॉकमध्ये जग बनवतानाच काही बटणं बघून घ्या. 'शो कोऑर्डिनेट्स' चालू करा, म्हणजे आपण कुठे आहोत ते सांगणारे तीन आकडे पडद्यावर दिसतात. 'फायर स्प्रेड्स' बंद करा, नाहीतर लाकडी घरात लाव्हाची शेकोटी केली की घर जातं. 'कीप इन्व्हेंटरी' चालू केलं तर मेल्यावरही सामान जवळ राहतं. हे बटण चीट्सच्या, म्हणजे नियम सैल करणाऱ्या सवलतींच्या, भागात आहे आणि चीट्स चालू केले की त्या जगात ॲचिव्हमेंट, म्हणजे कामगिरीची बक्षिसं, मिळणं कायमचं बंद होतं. या वयात त्याने काही बिघडत नाही. ज्याला चक्कर किंवा मळमळ होते त्याच्यासाठी सेटिंगमधलं 'व्ह्यू बॉबिंग' बंद करून बघा, चालताना पडदा डुलायचा थांबतो. टचस्क्रीनवर लहान बोटांना चालणं, वळणं आणि तोडणं एकदम जमत नाही. कंट्रोलर जोडता आला तर जोडा, फरक लगेच दिसतो.

रडणं बहुतेक वेळा चार-पाच ठरावीक गोष्टींवरून होतं. पहिली म्हणजे घर हरवणं. नव्या मुलाला होकायंत्र घरी नेईल असं वाटतं. ते घराकडे नाही, जगाच्या आरंभबिंदूकडे, म्हणजे खेळ जिथे सुरू झाला त्या जागेकडे, बोट दाखवतं. घर बांधलं की त्याचे तीन आकडे कागदावर लिहून ठेवायचे, आणि शेजारी मातीचा वीसेक ब्लॉक उंच खांब करून वर मशाल लावायची. दुसरी: बेड उचलून नेणं. एका रंगाची तीन लोकर आणि तीन फळ्या यांचा बेड केला आणि त्यात झोपलं की मेल्यावर तिथे जाग येते. तो बेड मोडून काखोटीला मारला की नोंद पुसली जाते आणि पुढच्या वेळी मूल पार आरंभबिंदूशी उगवतं. मेल्यावर सांडलेलं सामान पाच मिनिटांत नाहीसं होतं, त्यामुळे ही दोन संकटं एकत्र आली तर दुपार गेलीच म्हणून समजा. तिसरी: पायाखाली सरळ खाली खोदणं. खाली लाव्हा निघाला तर माणूसही जातो आणि सामानही जळतं. जिन्यासारखं तिरकं खोदायला शिकवावं. चौथी: माडीवर पाणी ओतणं. ते काढायला रिकामी बादली उगमाच्या ब्लॉकलाच, म्हणजे पाणी जिथे ओतलं तिथेच, लावावी लागते, वाहत्या धारेला लावून उपयोग नाही.

सगळ्यात वाईट अपघात मात्र गेमच्या बाहेरचा. बेडरॉकमधली साधी जगं त्या त्या उपकरणातच साठतात. फोनमध्ये जागा करायला मोठ्यांनी ॲप काढून टाकलं की सहा महिन्यांचं गाव गेलं. ॲप पुन्हा फुकट उतरवता येतं, गाव नाही. जगाच्या सेटिंगमध्ये अगदी खाली 'एक्सपोर्ट वर्ल्ड' आहे. फोन, टॅबलेट किंवा विंडोजवर त्याने फाइल बनवून दुसरीकडे ठेवता येते. महिन्यातून एकदा हे करायला दोन मिनिटं लागतात.

आम्हाला खटकलेली बाजू म्हणजे बेडरॉकमधलं मार्केटप्लेस. गेम एकदा विकत घेतल्यावरही पहिल्याच पडद्यावर पोशाख आणि तयार जगं मिनकॉइन्सना विकायला मांडलेली असतात, आणि मिनकॉइन्स खऱ्या पैशांनी घ्यावे लागतात. वाचता न येणाऱ्या मुलाला दुकान आणि खेळ यांतला फरक कळत नाही. उपकरणावरच्या खरेदीला पासवर्ड लावल्याशिवाय हा गेम देऊ नये. अनोळखी लोकांच्या सार्वजनिक सर्व्हरची या वयात गरज नाही. मुलाचं खातं खऱ्या जन्मतारखेने काढलं की ऑनलाइन खेळायला पालकांची परवानगी लागते, म्हणून तारीख खोटी टाकू नका. एकाच वायफायवर घरातली दोन उपकरणं एका जगात येतात तेवढं पुरे. मोठ्याचं घर धाकट्याने फोडू नये म्हणून त्याला 'व्हिजिटर' करून ठेवता येतं: फिरेल, बघेल, पण काही तोडू शकणार नाही. अर्थात मग तो खेळणारही नाही, तेव्हा त्याला स्वतःचं वेगळं जग द्यावं.

राहिला थांबण्याचा प्रश्न. इथे लेव्हल संपत नाही, म्हणून 'हे झालं की बंद' याला अर्थच नसतो. हे झालं की लगेच दुसरं दिसतं. 'अजून दहा मिनिटं' हेही मुलाला कळत नाही. गेममधला सूर्य कळतो. 'सूर्य मावळला की घरी जायचं, सामान पेटीत ठेवायचं, बेडवर झोपायचं आणि बंद' असा करार टिकतो, कारण ती त्यांच्या जगातलीच वेळ आहे. पीसफुलमध्येही रात्र होते आणि झोपता येतं, त्यामुळे करार तिथेही चालतो. राक्षस असणाऱ्या पातळ्यांवर बेडजवळ राक्षस असेल तर झोपता येत नाही, म्हणून दार लावून आत मशाल आहे ना ते बघायला सांगा. पडदा काळवंडतो, सकाळ होते, तेव्हाच 'सेव्ह अँड क्विट' दाबायचं. पुढच्या वेळी जग उघडतं ते बेडपाशीच, सूर्य नुकताच वर येत असताना.