सॉलिडिटी कंपायलरचं ‘व्हाया आयआर’ वापरून आठ महिने झाले

रत्नागिरीत घरी बसून चार ओळखीच्या बागायतदारांसाठी हापूसच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारा स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्रॅम) सॉलिडिटी भाषेत लिहितोय. अजून टेस्टनेटवरच, म्हणजे सरावाच्या ब्लॉकचेनवरच आहे. दिवाळीत गाडं अडलं ते आडत्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबावर. पेट्या, डझन, दर, भाडं, हमाली, तोलाई, वाराई, कमिशन, सगळं एकाच फंक्शनमध्ये घेतलं आणि कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) म्हणाला, ‘स्टॅक टू डीप’, म्हणजे तात्पुरत्या किमतींची चळत फार खोल. ईव्हीएमचा, म्हणजे इथेरियमच्या आभासी यंत्राचा, स्टॅक १०२४ खणांचा, पण डप-स्वॅप या कॉपी आणि अदलाबदलीच्या सूचनांचा हात वरच्या १६-१७ खणांपर्यंतच पोचतो. फंक्शन फोडून पाहिलं, वैतागलो, आणि कंपायलरची ‘व्हाया आयआर’ ही सेटिंग चालू केली.

आता सॉलिडिटी थेट ऑपकोडमध्ये (यंत्राच्या सूचनांमध्ये) न जाता आधी यूल या मधल्या भाषेत उतरते. मार्च २०२२ च्या ०.८.१३ पासून हा मार्ग प्रायोगिक राहिलेला नाही.

तरी पहिल्या दिवशी एरर तशीच! कुठूनतरी उचललेला असेंब्लीचा (यंत्राच्या जवळच्या भाषेतला) तुकडा नडला. जागा पुरेनाशी झाली की ऑप्टिमायझर (कोड आटोपशीर करणारा कंपायलरचा भाग) स्टॅकवरचे व्हेरिएबल मेमरीत हलवतो, पण असेंब्लीवर ‘मेमरी-सेफ’ (मेमरीचे नियम पाळते) अशी खूण नसेल तर हात लावत नाही. खूण केली, सुटलं. ती खरी आहे का हे मात्र कंपायलर बघत नाही, आपणच बघायचं.

यूलमार्गे कंपाइल करणं वेळ फार खातं. जूनमध्ये लाईट गेलेली, बॅटरी संपत आलेली, अशात तर नकोच वाटतं. म्हणून पट्टीचं फंक्शन सोडून बाकी रोजच्या कामाला जुना मार्ग आणि शेवटी सगळ्याला यूल, असं ठेवलं होतं. तेही अंगाशी आलं. a ची किंमत १ असताना ‘++a + a’ (++a म्हणजे a आधी एकने वाढवणं) जुन्या मार्गाने ३ येतं, यूलमार्गे ४. माझा पेटी नंबर असाच एका ओळीत वाढत होता. चूक माझीच, कोणता भाग आधी मोजायचा हा क्रम भाषा ठरवूनच देत नाही. आता त्या बाकी भागाच्या टेस्ट दोन्हीकडे चालवतो.

मला खरी गोडी लागली ती यूल वाचायची. माझी हमाली तिथे ‘var_hamali_’ आणि पुढे आकडा अशी दिसते. प्रत्येक वजाबाकीला ‘checked_sub’ (तपासून वजाबाकी), आणि कपात रकमेपेक्षा जास्त झाली की पॅनिक ०x११, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर गेल्याची एरर. एका बागायतदाराला हे दाखवलं, तर तो हसला आणि कपाटातून खरीच उणे रकमेची पट्टी काढून दिली. त्याच रात्री निव्वळ रकमेचा टाइप साइन्ड, म्हणजे उणे चालणारा केला.