लोकम शिफ्टचं अ‍ॅप: काही महिन्यांनंतर, आणि तो कापलेला अर्धा तास

लोकम शिफ्टचं, म्हणजे हॉस्पिटलात तात्पुरता डॉक्टर म्हणून केलेल्या पाळीचं, पेमेंट आलं आणि पुन्हा अर्धा तास कापलेला. म्हणून लिहायला बसले, एरवी रिव्ह्यूच्या वाट्याला मी जात नाही.

अ‍ॅपचं नाव घेत नाही. या जातीची बहुतेक अ‍ॅप सारखीच असतात: नोंदणी करा, कागदपत्रं चढवा, शिफ्ट निवडा. कामाला तोटा नाही. सुट्ट्यांच्या हंगामात आणि वीकेंडच्या नाइटला तर अर्ज टाकताच होकार येतो. आयत्या वेळच्या शिफ्टला दरही चढा मिळतो.

पण 12 तासांच्या नाइटमधून सिस्टीम 30 मिनिटं ‘विश्रांती’ म्हणून आपोआप वजा करते. त्या अर्ध्या तासात वॉर्डचा फोन कोणाकडे असतो? माझ्याकडेच. कोणाची सलाइन बंद पडते, कोणाचं बीपी खाली येतं. विश्रांती द्यायला दुसरा डॉक्टर आहे कुठे? तो असता तर लोकम बोलावलाच नसता. हिशेब सोपा आहे: अशा 24 शिफ्ट केल्या की पूर्ण 12 तास, म्हणजे एक अख्खी नाइट फुकट. हेल्पलाइनवाला गोड आवाजात म्हणतो, “डॉक्टर, ती पॉलिसी आहे.” पॉलिसी म्हटलं की विषय संपला!

इथवर लिहून मसुदा तसाच पडला होता. मध्यंतरी एका जुन्या लोकमवाल्याने दाखवलं की टाइमशीटमध्ये पार खाली ‘विश्रांती मिळाली नाही’ असा चौकोन आहे. तिथे खूण करायची, कारण लिहायचं आणि वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरची सही घ्यायची. म्हणजे पैसे मिळण्याची सोय आहे, फक्त ती कोणाला दिसू नये अशी ठेवलीय. तेवढ्यापुरता राग मागे. पण सकाळी इन्चार्ज बदललेल्या असतात आणि त्या म्हणतात, “मी रात्री नव्हते, मी कशी सही करू?” त्यांचंही बरोबरच आहे. म्हणून आता रात्रीच्या सिस्टर हँडओव्हरला (पुढच्या पाळीकडे काम सोपवायला) बसायच्या आधीच मी कागद पुढे करते, सोबत कॉल आल्याच्या वेळा लिहिलेल्या. तेव्हापासून बऱ्याचदा पूर्ण पैसे आले. परवा नाही आले, कारण रात्रीच्या इन्चार्ज अर्ध्यातच दुसऱ्या वॉर्डला गेल्या.

कागदपत्रांचं मात्र कौतुक. हिपॅटायटिस बीचा टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीची पातळी; 10 च्या वर हवी, नाहीतर बूस्टरचं शुक्लकाष्ठ), दोन वर्षांनी संपणारं लाइफ सपोर्टचं कार्ड, रेफरन्स, सगळं एकदाच चढवलं. काही संपत आलं की आधीच आठवण येते. पूर्वी प्रत्येक हॉस्पिटलच्या एचआरला तीच फाइल नव्याने द्यायचे, तो छळ संपला. मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग (डॉक्टरवर कारवाई नसल्याचं प्रमाणपत्र) तेवढं ताजं मागतात, त्याला इलाज नाही.

इन्डेम्निटीच्या (रुग्णाने दावा केला तर भरपाई देणाऱ्या विम्याच्या) रकान्यात अ‍ॅप फक्त मुदतीची तारीख बघतं, पॉलिसीचा प्रकार विचारत नाही. लोकम करणाऱ्यांनी हे स्वतः तपासा. ‘क्लेम्स-मेड’ पॉलिसी असेल तर दावा दाखल होतो तेव्हा ती चालू असावी लागते. तुम्ही लोकम सोडलं, पॉलिसी बंद केली आणि दोन वर्षांनी नोटीस आली, तर टेल कव्हर (पॉलिसी संपल्यावर येणाऱ्या दाव्यांसाठीचं जादा संरक्षण) घेतलेलं नसल्यास खिशातून भरा. घटना घडली तेव्हाची पॉलिसी लागू होते त्या प्रकारात ही भानगड नाही. ती महाग पडते, पण इथे मी चिकटपणा केला नाही.

रद्द करण्याचा नियम एकतर्फी आहे. हॉस्पिटलने आदल्या संध्याकाळी शिफ्ट काढली तर नुसता ‘क्षमस्व’चा मेसेज, आपण काढली तर रेटिंग खाली. आणि होकार देण्याआधी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरचं लॉगिन कधी मिळणार आणि रात्री सीनियर कोण, हे फोनवर विचाराच. लॉगिन नसेल तर पहिले दोन तास दुसऱ्याच्या खांद्यावरून रिपोर्ट बघण्यात जातात.

तारे तीन. सहीऐवजी कॉलच्या वेळांची नोंद धरणारं एखादं अ‍ॅप कोणी वापरत असेल तर सांगा, मी त्याच दिवशी बस्तान हलवते.