वरातीचा मिक्स रेकॉर्ड करायचा तर ‘मिक्स’ लय कामाचं

दारव्ह्याकडं आमचा छोटा साउंड आहे. वरात, हळद, गणपती. वाजवून झालं की दुसऱ्या दिवशी फोन ठरलेला: "भाऊ, रात्रीचं वाजवलेलं पेनड्राइव्हवर दे ना." त्यासाठी मी ‘मिक्स’ नावाचं डीजेचं सॉफ्टवेअर वापरतो (शोधताना शेवटी तीन एक्स टाका). फुकट आहे, ओपन सोर्स आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं.

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या आतूनच होतं, म्हणून जनरेटरची घरघर त्यात येत नाही. पण माइक थेट बाहेरच्या मिक्सरला लावला असेल, तर "नवरदेवाच्या मामांनी पुढं यावं" हेही येत नाही. अन् पोट्ट्यांना नेमकं तेच पाहिजे असते! मग सेटिंगमध्ये साउंड हार्डवेअरला जाऊन माइक लॅपटॉपमधून घ्या.

वेव्ह फाइल (आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी) मिनिटाला साधारण १० एमबी खाते, म्हणजे तासाला ६००. ३२० केबीपीएसची एमपी-थ्री तासाला १४४च्या आसपास. मी वेव्हच घेतो, एमपी-थ्री मागून करतो. क्यू फाइलवर टिक मारून ठेवा. कोणतं गाणं कितव्या मिनिटाला लागलं ते आपोआप लिहिलं जातं. पुढच्या ऑर्डरच्या वेळी हे लय कामी येतं.

आवाजाचं मीटर लाल होऊ देऊ नका. वरात रंगात आली की हात आपोआप व्हॉल्यूमकडं जातो, अन् रेकॉर्डिंगमध्ये फाटलेला बेस मागून कोणालाच शिवता येत नाही. चार डेक (एका डेकवर एक गाणं वाजतं) उघडायची हौस असेल तर असो, वरातीला दोन पुरतात.