पायकंट्रोल : उंदरांच्या निर्णयप्रयोगांसाठी एक भरवशाची प्रणाली

उंदीर दोन पर्यायांमधून निवड कशी करतो, हे तपासायचे असेल तर प्रयोगाच्या नियमांत संदिग्धता राहून चालत नाही, आणि पायकंट्रोल ही मुक्तस्रोत प्रणाली मला मोलाची वाटते ती याचसाठी. ऑक्सफर्डचे थॉमस अकम आणि लिस्बनच्या शांपालिमो केंद्रातील सहकारी यांनी घडवलेल्या या प्रणालीचे सविस्तर वर्णन २०२२ साली ‘ईलाइफ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रयोग चालवणारा प्रोग्राम संगणकावर न चालता एका छोट्या मायक्रोकंट्रोलरवर (उपकरणे नियंत्रित करणाऱ्या चिपवर) मायक्रोपायथनमध्ये, म्हणजे अशा चिपसाठीच्या पायथन भाषेच्या छोट्या आवृत्तीत, चालतो, त्यामुळे संगणक मधेच मंदावला तरी वेळेच्या नोंदी बिघडत नाहीत.

येथे प्रत्येक टास्क, म्हणजे उंदराला करायला दिलेले काम, अवस्था आणि घटना यांच्या रूपात लिहावा लागतो. मधल्या पोर्टचा, म्हणजे नाक खुपसण्याच्या छिद्राचा, दिवा लागतो, उंदीर तेथे नाक खुपसतो, इन्फ्रारेड किरण खंडित होतो आणि टास्क निवडीच्या अवस्थेत जातो. समजा, आता डावीकडे पाणी मिळण्याची शक्यता ८० टक्के आणि उजवीकडे २० टक्के आहे. या शक्यतांची अदलाबदल केव्हा करायची, हा खरा कळीचा प्रश्न. ती ठरावीक फेऱ्यांनंतर केली, तर जो उंदीर अजून चांगली बाजू ओळखायलाच शिकलेला नाही, त्याच्या बाबतीत तिला काहीच अर्थ उरत नाही. म्हणून योग्य निवडींची चल सरासरी (अलीकडच्या फेऱ्यांवरून सतत काढली जाणारी) ठरवलेल्या पातळीवर पोचल्यावर, आणि त्यानंतरही काही फेऱ्या जाऊ देऊन, अदलाबदल करणे श्रेयस्कर. हा नियम येथे मोजक्या, सहज वाचता येणाऱ्या ओळींत लिहिता येतो, त्यामुळे दुसऱ्या प्रयोगशाळेतील सहकाऱ्यालाही तो तपासून पाहता येतो.

पाण्याचे मोजमाप मात्र ज्याचे त्यानेच, वजनकाट्यावर, काटेकोरपणे करावे. डावा व्हॉल्व थोडे जास्त पाणी सोडत असेल, तर उंदराचा डावीकडचा कल हा त्याच्या शिकण्याचा परिणाम आहे, असा चुकीचा निष्कर्ष निघेल आणि कोणताही प्रोग्राम तो रोखणार नाही.

मर्यादाही स्पष्ट आहेत. प्रणालीतील मायक्रोकंट्रोलर बोर्डची, म्हणजे मूळ पायबोर्डची, रॅम केवळ १९२ किलोबाइट असल्याने मोठ्या याद्या आधीच साठवून ठेवणे अवघड जाते. पडद्यावर गुंतागुंतीची दृश्ये दाखवायची असतील, तर बोन्सायसारख्या वेगळ्या प्रणालीची जोड घ्यावी लागते. नाकाने, पंजाने किंवा चाकाने उत्तर देण्याचे प्रयोग करणाऱ्यांना, विशेषतः एकाच वेळी प्रयोगाच्या अनेक पेट्या चालवणाऱ्यांना, मी पायकंट्रोल निःसंकोच सुचवेन.