अनुशेषाचं निवेदन कुणाकडे द्यावं, खासदारांकडे की आमदारांकडे?

परवा परतूरहून काही तरुण मंडळी घरी आली होती. मराठवाड्यातल्या सिंचनाच्या अनुशेषाचं, म्हणजे बाकीच्या राज्याच्या तुलनेत मागे राहिलेल्या कामांचं, निवेदन तयार आहे, सह्या झाल्यात. आता ते खासदारांमार्फत संसदेत न्यायचं की आमदारांमार्फत विधानसभेत, यावर त्यांचं एकमत होत नव्हतं. दोन्हीकडे द्या, असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण दोन्हीकडे दिलेल्या कागदाच्या मागे शेवटपर्यंत कुणीच लागत नाही, हे मी पाहिलंय. काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यकर्त्यांच्या गटापुढेही हाच प्रश्न होता. तेव्हा जे अनुभवलं तेच लिहितोय. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

संसदेची बाजू कागदावर फार भक्कम आहे. आपण महाराष्ट्रात बिनशर्त आलो, असं आपल्याकडची जुनी माणसं अजूनही अभिमानाने आणि थोड्या दुःखाने सांगतात. पण १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो ते संसदेनं केलेल्या राज्य पुनर्रचना कायद्यामुळे. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीनं कलम ३७१ (२) आलं आणि मराठवाड्याचं नाव थेट राज्यघटनेत लिहिलं गेलं. स्वतंत्र विकास मंडळ, निधीचं समन्यायी वाटप, तंत्रशिक्षणाची सोय, राज्याच्या नोकऱ्यांत पुरेशी संधी, हे सगळं त्यात आहे. मंडळ प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडलं, तेही राष्ट्रपतींच्या आदेशानं. ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं पुनर्गठनाचा निर्णय घेतला, तरी आदेश राष्ट्रपतींचाच लागतो. मग ज्या सभागृहानं आपल्याला महाराष्ट्राशी जोडलं, त्यानंच त्या जोडणीचा हिशेब का विचारू नये? आम्हाला हे पटलं आणि आम्ही आधी खासदारांकडे गेलो.

अनुभव वाईट नव्हता. लेखी प्रश्नाचं उत्तर ठरल्या दिवशी आलं आणि त्याच दिवशी संकेतस्थळावर दिसलं. छापून गावात वाटता आलं. ही सोय लहान समजू नका.

घोडं अडलं ते परिशिष्टात. आम्ही विचारलं होतं की सिंचनाच्या केंद्रीय साहाय्यातून मराठवाड्याच्या वाट्याला किती आलं. उत्तराची सुरुवात अपेक्षेप्रमाणे 'पाणी हा राज्याचा विषय आहे' अशी होती. त्याचं वाईट वाटलं नाही. केंद्राशी मुख्यतः संबंध असलेलेच प्रश्न तिथे चालतात, हा नियमच आहे. खाली राज्यवार तक्ता होता. त्यात महाराष्ट्राची एक ओळ आणि त्या ओळीत एक आकडा. त्या आकड्यात नाशिकही होतं, सांगलीही होती, आणि आपण कुठेतरी होतो. प्रश्न फिरवून पुन्हा विचारला. पुन्हा तीच ओळ. घटनेत आपलं नाव आहे, पण दिल्लीच्या तक्त्यात मराठवाडा नावाचा रकानाच नाही. ती ओळ हातात घेऊन आम्ही चौघे अर्धा तास गप्प बसलो होतो. ज्या घरात आपल्या नावाचं ताटच मांडलेलं नाही, तिथे कमी वाढलं अशी तक्रार कशी करणार? माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

विधानसभेकडे वळलो तेव्हा कळलं की तिथली वाट जास्त खडबडीत आहे. तारांकित प्रश्न यादीत येतो आणि प्रश्नोत्तराचा तास संपतो. लक्षवेधी सूचना लागते आणि पुढे ढकलली जाते. हिवाळी अधिवेशन नागपूरला, बाकीची मुंबईला. दोन्हीकडे जाणं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडवणं. आपले आमदार २८८ पैकी ४६, आणि तेही या मुद्द्यावर एका सुरात बोलतीलच असं नाही. लोकसभेत मात्र आपले आठच खासदार आहेत, ५४३ मध्ये.

तरीही विधानसभेच्या कागदांत मराठवाडा दिसतो. राज्य सरकारनं नेमलेल्या दांडेकर समितीनं १९८४ ला राज्याचा अनुशेष ३१८६ कोटी ७८ लाख काढला आणि त्यातला ७५० कोटी ८५ लाख मराठवाड्याचा म्हणून वेगळा मांडला. तेव्हापासून राज्याच्या कागदांत विभागवार हिशेब मागायची सवय रुळली. जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडायचं भांडण आपण ज्या कायद्यावर लढतो, तो जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदाही याच विधिमंडळाचा. आणि मला सगळ्यात बोलकं वाटतं ते हे, की कलम ३७१ (२) सुद्धा मंडळाचा वार्षिक अहवाल संसदेपुढे नव्हे, राज्याच्या विधानसभेपुढे ठेवायला सांगतं. देखरेख कुणी करायची हे घटनाकारांच्या मागून आलेल्या त्या संसदेनंच ठरवून दिलंय.

रेल्वेचं गाऱ्हाणं असेल तर बेलाशक खासदार गाठा. नांदेड विभाग सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेत आहे, त्यावर मुंबईत बोलून काय होणार? पण अहिल्यानगर–बीड–परळी मार्गाची गोष्ट आठवा. २६१ किलोमीटरचा मार्ग, गेल्या शतकात मंजूर झालेला, आणि बीडला गाडी पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. निम्मा खर्च राज्यानं उचलायचा होता. म्हणजे रुळांचा प्रश्न लोकसभेत विचारला तरी राज्याच्या हिश्शाची तरतूद मुंबईच्या अर्थसंकल्पातच शोधावी लागते. विकास मंडळाच्या आदेशासाठीही खासदारांचाच आग्रह लागेल, हे मान्य.

परतूरच्या मंडळींना मी म्हणालो, विकास मंडळाच्या पुनर्गठनासाठी एक पानाचं वेगळं पत्र खासदारांना द्या. सिंचनाचं निवेदन मात्र आमदारांकडे न्या, आणि शेजारच्या मतदारसंघातल्या आणखी दोघांना सोबत घ्या. एक चुकला तर दुसऱ्याचा प्रश्न लागतो. निवेदनात भाषण नको. आठ जिल्ह्यांची नावं, प्रत्येकापुढे मंजूर रक्कम, खर्च झालेली रक्कम आणि भिजलेले हेक्टर असे तीन रिकामे रकाने आखून द्या आणि उत्तर याच तक्त्यात मागा. त्यांनी तिथेच, ओसरीवर बसून, वहीत रकाने आखायला घेतले. जालन्याची ओळ पहिली लिहिली.