लोखंडी पत्र्याचा कूलर : तीन उन्हाळ्यांचा अनुभव

२०२३च्या होळीला भुसावळमधल्या एका दुकानातून इथेच बनवलेला पत्र्याचा कूलर घेतला. तिन्ही बाजूंना गवताच्या जाळ्या, १८ इंची पंखा. आमच्याकडे होळीला काढलेला कूलर मृग लागेपर्यंत चालतो, म्हणून दणकट वस्तूच हवी होती.

कोरड्या उन्हात याला तोड नाही. २०२४च्या मे महिन्यात ओट्यावरचं तापमापक दुपारी ४५ दाखवत होतं आणि खोलीत ३२. समोरची खिडकी मात्र उघडी ठेवावी लागते. दार-खिडक्या लावल्या की पंधरा मिनिटांत घुसमटतं. नव्या गवतावर पाणी पडलं की खोलीभर जो ओला वास सुटतो, त्यानेच निम्मा शीण जातो.

तक्रारी आहेत. पाण्याची मोटर महिन्यात जळली आणि दुकानदाराने 'मोटरची गॅरंटी नसते' म्हणून हात वर केले. आमचं पाणी क्षाराचं, त्यामुळे दीड महिन्यात गवतावर पांढरा थर चढून ते काडीसारखं कडक होतं. गवत दरवर्षी बदलाच. आणि अंग लोखंडी आहे, तेव्हा अर्थिंग तपासून घ्या, पाणी भरताना पिन काढा. घरात लेकरं असतील तर याबाबतीत अजिबात हयगय नको.

पण २०२५च्या मे महिन्यात जे झालं त्यात कूलरचा दोष नाही. आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन थोडेच दिवस झाले होते आणि रोज संध्याकाळी आभाळ भरून यायला लागलं. गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) घातलेले, अर्धे भिजून काळे पडले. २६ मे रोजी तर मोसमी पाऊस मुंबईत पोचला, नोंदी ठेवायला लागल्यापासून एवढ्या लवकर कधीच आला नव्हता. तेव्हा रोहिणी नक्षत्र नुकतं लागलेलं, म्हणजे आमच्याकडे ऊन सगळ्यात कडक असण्याचे दिवस. ओट्यावर पारा ३५, तरी जीव ४५ पेक्षा जास्त कासावीस. कूलर गार करतो तो पाण्याची वाफ करून. हवाच ओली असेल तर वाफ होणार कशी? अंथरूण दमट, भिंतीला कुबट वास. शेवटी मोटर बंद करून नुसता पंखा चालवला.

सासूबाईंना वयामुळे तारखा लक्षात राहत नाहीत, वाऱ्यावरून ओळखतात. त्या रोज विचारायच्या, "मिरीग लागना का वं?" (मृग लागला का गं?) नाही म्हटलं की गप्प बसून आभाळाकडे बघायच्या. मलाही तेव्हा भीती वाटली, खोटं कशाला सांगू. यावलला माहेरची केळी उभी आहे, एका वादळात आडवी होते.

घ्यायचा असेल तर हाच घ्या, पण मोटर आणि पंख्याची बटणं वेगवेगळी आहेत ना, ते दुकानातच बघून घ्या. दमट दिवसांत तेच कामाला येतं.